विरळ हवेतली शिदोरी

रात्रीचा एक वाजला होता. लडाखमधल्या खारदुंग गावातल्या एका घरात आम्ही चौघे मुक्कामाला होतो आणि पहाटे तीनला शर्यत सुटणार होती. मी पाठपिशवीतून डबा काढला. आत आईने केलेले डिंकाचे लाडू. साजूक तूप, खारीक, खोबरं, बदाम, सगळं सढळ हाताने घातलेलं. पुण्यात सरावाच्या दिवसांत सिंहगड चढून आलो की असे दोन लाडू मी उभ्याउभ्या संपवायचो. इथे, जवळजवळ ४,००० मीटर उंचीवर, अर्धा लाडू तोंडात नुसता घोळत राहिला. गिळवेना.

घरातली आजी, जिला सगळे आमा-ले म्हणत होते, शेगडीपाशी बसून माझी फजिती बघत होती. तिने काही न विचारता एका वाटीत भाजलेल्या जवाचं पीठ घेतलं, त्यावर मीठ-लोण्याचा चहा ओतला, बोटांनी कालवलं, मुटका वळला आणि माझ्या तळहातावर ठेवला. ‘डोन-ले,’ म्हणाली. म्हणजे घ्या, खा. तो मुटका गेला. दुसराही गेला. लाडवाचा डबा मात्र तसाच लेहला परत आला.

लाडवात काही खोट नव्हती. त्याच लाडवावर आमच्या घरातल्या बाळंतिणी उभ्या राहिल्या आहेत. तरी तो त्या रात्री का नको वाटला आणि ते बेचव पीठ का गेलं, याचं उत्तर शोधताना उंचीवरच्या खाण्याबद्दल मी जे वाचलं आणि पुढच्या दोन खेपांना स्वतःवर करून पाहिलं, ते इथे सांगतो.

आधी हवेबद्दल. ‘वर ऑक्सिजन कमी असतो’ असं आपण म्हणतो, पण हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण पुण्यात २१ टक्के असतं आणि खारदुंग ला खिंडीतही तेवढंच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर इतका धरतात. कळसूबाईवर, म्हणजे १,६४६ मीटरवर, तो साधारण पाचसहा हिस्स्यांतला एक हिस्सा घटतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. लेह ३,५०० मीटरवर आहे, तिथे दोनतृतीयांशाच्या आसपास उरतो. आणि खारदुंग लाच्या माथ्यावर जेमतेम निम्मा. (या खिंडीची उंची वर्षानुवर्षं पाटीवर १८,३८० फूट लिहिलेली होती. खरी उंची ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या जरा वर. फोटो काढणाऱ्यांना अर्थात पाटीच प्यारी.) दाब कमी म्हणजे प्रत्येक श्वासातून रक्तात शिरणारा ऑक्सिजन कमी. लडाख मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली, तिच्याच जोडीने होणारी आमची ही शर्यत, खारदुंग ला चॅलेंज, ७२ किलोमीटरची. गावापासून ३२ किलोमीटर चढ, मग लेहपर्यंत ४० किलोमीटर उतार, आणि यातला बहुतेक रस्ता ४,००० मीटरच्या वर. आम्हाला धावपटू म्हणणं तसं उदारपणाचंच. खिंडीपर्यंत बहुतेक जण चालतात.

आता इंधन. शरीर प्रामुख्याने दोन गोष्टी जाळतं, कर्बोदकं आणि चरबी. वजनाच्या हिशेबात चरबी केव्हाही सरस. एका ग्रॅमला नऊ कॅलरी, कर्बोदकांच्या दुपटीहून जास्त. म्हणूनच डोंगरात जाताना सुकामेवा, तूप, चीज, शेंगदाणे भरायचे, हा आपला पिढीजात हिशेब. पिशवीचं वजन वाचतं. पण वर गेल्यावर टंचाई कॅलरींची नसते, ऑक्सिजनची असते, आणि ऑक्सिजनचा हिशेब मांडला की पारडं फिरतं.

ग्लुकोजच्या रेणूकडे पाहा. त्याच्या वजनातला निम्म्याहून जास्त वाटा ऑक्सिजनचाच असतो. म्हणजे हे इंधन अर्धंमुर्धं आधीच जळलेलं आहे, ते पूर्ण जाळायला बाहेरून कमी ऑक्सिजन लागतो. तुपातल्या पामिटिक आम्लाच्या रेणूत हाच वाटा आठव्या हिश्श्याइतका. तो जाळायचा तर जवळजवळ सगळा ऑक्सिजन फुप्फुसांनी बाहेरून ओढून आणायचा. आकड्यांत सांगायचं तर एक लिटर ऑक्सिजन वापरून कर्बोदकांतून सुमारे ५.०५ किलोकॅलरी मिळतात आणि चरबीतून ४.६९. फरक सात-आठ टक्क्यांचा. बाजारात सात टक्के सूट मिळाली तर आपण मागे वळूनही बघणार नाही, पण जिथे श्वासाश्वासाची काटकसर चालते तिथे सात टक्के म्हणजे चैन. शिवाय कर्बोदकं जळताना कार्बन डायऑक्साइड जास्त तयार होतो, तो श्वासाची गती वाढवतो, आणि उंचीवर जोरात श्वास चालणं ही फायद्याचीच गोष्ट.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शेर्पांच्या आणि मैदानी लोकांच्या स्नायूंचे नमुने एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळावर घेऊन तपासले गेले. शेर्पांचे स्नायू चरबी कमी जाळतात आणि तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये जास्त काम करतात, असं त्यात दिसलं. चरबी जाळण्यावर ताबा ठेवणाऱ्या एका जनुकात त्यांच्याकडे वेगळेपण आहे. हजारो वर्षं उंचीवर राहून निसर्गाने जो कौल दिला, तो कर्बोदकांच्या बाजूचा.

पण माझा लाडू घशात अडकला त्याचं कारण हे गणित नव्हे. घशाला रसायनशास्त्र कळत नाही. ते कारण समजायला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या नॅटिक गावी जायला हवं. तिथे १९८५ साली लष्कराच्या प्रयोगशाळेत एका बंद खोलीतला हवेचा दाब चाळीस दिवसांत हळूहळू कमी करत थेट एव्हरेस्टच्या माथ्याइतका नेला. आत निरोगी तरुण होते. आठ जणांनी सुरुवात केली, सहा शेवटपर्यंत टिकले. ‘ऑपरेशन एव्हरेस्ट टू’ हे या प्रयोगाचं नाव. यातली खुबी अशी की डोंगरावरचे बाकीचे सगळे त्रास इथे वजा होते. थंडी नाही, वारा नाही, पाठीवर ओझं नाही, अंथरूण मऊ, आणि जेवण तर मागाल ते आणि मागाल तितकं. तरीही त्यांचं रोजचं खाणं ३,१३६ किलोकॅलरींवरून १,७८९ वर उतरलं. सरासरी ७.४ किलो वजन गेलं. म्हणजे उंचीवर भूक मरते ती थकव्याने किंवा तंबूतल्या वाईट स्वयंपाकाने नव्हे. ऑक्सिजनच्या तुटवड्यानेच मरते.

या प्रयोगातला आणखी एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. त्या तरुणांच्या ताटातला कर्बोदकांचा वाटाही आपोआप घटला, ६२ टक्क्यांवरून ५३ वर. ‘शरीराला काय हवं ते जीभ बरोबर मागते’ असं आपल्याकडे ठासून सांगतात. उंचीवर जीभ बरोबर मागत नाही. तिथे घड्याळ लावून खावं लागतं. आणि ही पंचाईत नेमकी अशा वेळी येते की पहिल्या काही दिवसांत स्वस्थ पडल्यापडल्यासुद्धा शरीराचा खर्च खालच्यापेक्षा वाढलेला असतो. वर जाऊन बारीक होण्यात जे समाधान मानतात त्यांना एवढंच सांगायचं की जातं त्यात बराचसा वाटा स्नायूंचा असतो.

त्यात तूपकट पदार्थ पोटात जास्त वेळ रेंगाळतात. उंचीवर, त्यातून चालताना, आतड्यांकडे जाणारं रक्त आधीच कमी झालेलं असतं. जड खाणं तिथे तसंच बसून राहतं आणि मळमळ सुरू होते. माझ्या लाडवाची पूर्ण कथा ही अशी.

आता आमा-लेच्या वाटीकडे. लडाखीत त्या पिठाला नम्फे म्हणतात, तिबेटी लोक त्यालाच त्साम्पा म्हणतात आणि चहात कालवलेला मुटका म्हणजे खोलाक. जव आधी गरम वाळूत भाजायचा, मग दळायचा. हे वाचून मराठी माणसाला चटकन काही आठवायला हवं. जवाचं मराठी नाव सातू. आपलं सातूचं पीठ, जे आज बऱ्याच घरी गहू आणि डाळं दळून करतात आणि गूळ-दुधात कालवून खातात, ते नावाने तरी याच पिठाचं भावंड. लडाखी लोक हेच पीठ का खातात? जव तिथल्या अवघ्या तीन-चार महिन्यांच्या उन्हाळ्यात पिकतो, हे एक कारण. दुसरं कारण पाण्याच्या उकळीत आहे. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. लेहमध्ये पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं, खिंडीत त्याहून पाच-सहा अंश खाली. त्या पाण्यात डाळ तासन् तास रटरटली तरी दाणा टणकच. कुकर येण्याआधी, जळणाला शेण आणि काटेरी झुडपंच हाताशी असताना, आधीच भाजून शिजवून ठेवलेलं पीठ ही किती मोठी सोय असेल! आग एकदाच पेटवायची आणि त्यावर कित्येक आठवडे जेवायचं.

मग लोण्याच्या चहाचं काय, तो तर चरबीच, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. तिथले लोक दिवसभर संथ लयीत कामं करतात, थंडीशी झुंजतात, आणि त्या गतीला शरीर चरबीच जाळतं. त्यांची शरीरंही तिथली. पाहुण्याने त्या चहाकडे मीठ आणि पाणी पोटात नेणारं गरम पेय म्हणून बघावं. एक-दोन वाट्या पुरेत. आग्रह मात्र मोठा असतो, वाटी रिकामी दिसली की पुन्हा भरतात. नको असेल तर भरलेली तशीच राहू द्यायची.

लडाखी घरांत स्क्यू करतात. कणकेच्या गोळ्या अंगठ्याने दाबून बटाटे, गाजर, सलगम यांच्या रश्शात शिजवायच्या. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा माझ्या तोंडून ‘अरे, या तर चकोल्या!’ असं निघून गेलं. विदर्भातले वाचक वरणफळं म्हणतील. पातळ, खारट, गरम आणि कर्बोदकांनी भरलेलं. शर्यतीच्या आदल्या रात्री याहून चांगलं जेवण कुठल्याही डब्यात बंद करून मिळत नाही. नेपाळच्या खुंबू भागातले शेर्पा हेच काम बटाट्यावर भागवतात. आणि शेर्पांना सोडून लांब पल्ल्याच्या धावण्याचं माहेर असलेल्या केनियात जायचं तर इतेन हे गाव २,४०० मीटरवर आहे. केनियाच्या अव्वल धावपटूंच्या ताटाचा २००४ साली अभ्यास झाला, त्यात कर्बोदकं ७६ टक्क्यांच्या वर, चरबी तेरा-चौदा आणि प्रथिनं अवघी दहा टक्के निघाली. मक्याचा उगाली, पालेभाजी, भरपूर साखर घातलेला दुधाचा चहा. प्रथिनांच्या पावडरीचे डबे खांद्यावर वाहणाऱ्या आपल्या पोरांनी हे आकडे एकदा नीट वाचावेत. केनियात सकाळी जी आंबील पितात ती बहुतेकदा विंबीची असते, आणि विंबी म्हणजे आपली नाचणी. हे धान्य मूळचं पूर्व आफ्रिकेच्या उंच पठारांवरचंच. तिथून फार प्राचीन काळी ते भारतात आलं आणि कोकणात, सह्याद्रीच्या उतारांवर रुजलं.

प्रत्यक्ष चालताना-धावताना किती खावं? लांब पल्ल्यासाठी तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हा सर्वसाधारण मापदंड आहे. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. एका खजुरात पाच-सहा. म्हणजे तासाला एक केळं आणि चार-पाच खजूर झाले तरी काम भागतं, पण हे बोलायला सोपं. चार तासांनंतर गोड पदार्थ डोळ्यांसमोर नकोसा होतो. तिथे उकडलेला बटाटा मिठात बुडवून खाल्ला की जीव परत येतो. मी दुसऱ्या खेपेला लिंबाच्या लोणच्याची छोटी डबी खिशात ठेवली होती. तिच्या दोन फोडींनी जेवढं काम केलं तेवढं महागड्या जेलच्या सहा पाकिटांनी केलं नाही. जेल वाईट असतं असं नाही. पण पहाटेच्या थंडीत ते घट्ट होऊन पाकिटातून निघत नाही, चॉकलेटच्या वड्या दगडासारख्या होतात. त्या अंगाजवळच्या खिशात ठेवाव्यात. लडाखचे सुके जर्दाळू उत्तम, पण कडक वाळवलेले असतील तर आदल्या रात्री भिजत घाला. राजगिऱ्याची वडी हलकी असते, फक्त कोरड्या तोंडात तिचा भुगा होतो. आणि मुक्कामाच्या जेवणाला माझं मत विचाराल तर मऊ भात आणि मेतकूट. वर तूप अर्धा चमचा, आईच्या समाधानापुरतं.

पाण्याचं थोडक्यात. वरची हवा कोरडी, श्वास जलद, शिवाय पहिल्या दिवसांत लघवी जास्त होते, म्हणून पाणी जास्त लागतं. पण ‘दिवसाला सहा लिटर पी’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. मिठाशिवाय नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली येतं आणि त्याचीही लक्षणं डोकेदुखी आणि मळमळ हीच. लघवीचा रंग फिका पिवळा राहील एवढं प्या, त्यात थोडं ओआरएस किंवा मीठ-साखर-लिंबू असू द्या.

आता सप्लिमेंट. दुकानातल्या फळीवर शंभर डबे असतात. त्यातलं एकच मी मनापासून गंभीरपणे घ्यायला सांगेन, आणि ते सगळ्यात स्वस्त, सगळ्यात कंटाळवाणं आहे. लोह.

वर पोहोचल्यावर काही तासांतच मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक जास्त सोडू लागतात. ते हाडांच्या मगजाला सांगतं, तांबड्या पेशी वाढवा. पेशी तयार होऊन रक्तात यायला मात्र आठवडे लागतात. (दोन-तीन दिवसांत हिमोग्लोबिनचा आकडा वाढलेला दिसतो तो फसवा. रक्तातलं पाणी कमी झाल्याने ते दाट झालेलं असतं, इतकंच.) कारखान्याला हुकूम मिळाला, पण कच्चा माल हवा. एक ग्रॅम हिमोग्लोबिन बनवायला सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह लागतं. समजा एखाद्याच्या अंगात एकूण ७०० ग्रॅम हिमोग्लोबिन आहे आणि उंचीवरच्या सरावातून ते पाच टक्क्यांनी वाढवायचं आहे. ३५ ग्रॅम वाढीला साधारण १२० मिलिग्रॅम लोह झालं. एरवी आपलं आतडं अन्नातून दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच लोह शोषतं. उंचीवर हेप्सिडिन नावाचा लोहाचा दरवान बाजूला होतो आणि शोषण वाढतं हे खरं, पण साठाच नसेल तर दरवाजा उघडून उपयोग काय? ऑस्ट्रेलियन खेळाडूंच्या नोंदींवर आधारलेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उंचीवर सराव करताना लोहाच्या गोळ्या घेणाऱ्यांचं एकूण हिमोग्लोबिन तीन-चार टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. न घेणाऱ्यांचं जेमतेम एक टक्का.

आणि आपल्या देशात साठा असतो कुठे? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. धावणाऱ्या बायका यातून सुटत नाहीत, उलट पाळी आणि घाम यांत लोह जास्तच जातं. आमच्या गटातली एक मैत्रीण, सरावात आम्हा सगळ्यांच्या पुढे असणारी, लेहला मात्र पहिल्या चढालाच गळून गेली. तिचं हिमोग्लोबिन १२.१ होतं, म्हणून सगळे निर्धास्त. परत आल्यावर फेरिटिन तपासलं तर ९. हिमोग्लोबिन म्हणजे पाकिटातले पैसे आणि फेरिटिन म्हणजे बँकेतली शिल्लक. पाकीट भरलेलं दिसत होतं, खातं रिकामं होतं. फेरिटिन ३० च्या खाली असेल तर उंचीवर जाण्याआधी डॉक्टरांच्या सल्ल्याने ते भरून काढावं. त्याला दोन-तीन महिने लागतात. विमानात बसताना गोळ्या सुरू करून काही होत नाही.

घरगुती बाजूने: अळीव, नाचणी, कडधान्यं, पालेभाज्या यांत लोह असतं, पण वनस्पतींतलं लोह अंगी थोडंच लागतं. त्यावर लिंबू पिळलं तर जास्त. म्हणजे पोह्यांवरची लिंबाची फोड नुसती चवीसाठी नाही. उलट जेवणाला लागून चहा घेतला तर शोषण घटतं, मध्ये तासाभराचं अंतर ठेवा. लोखंडी कढईत आंबट आमटी केली तर थोडं लोह त्यातूनही उतरतं. गुळावर मात्र फार भरवसा नको, त्याची कीर्ती त्याच्या लोहापेक्षा मोठी आहे. गोळी घ्यायची वेळ आलीच तर रोज घेण्यापेक्षा एक दिवसाआड घेतल्याने शोषण चांगलं होतं, असं लोह कमी असलेल्या तरुणींवरच्या अभ्यासांत दिसलं आहे. आणि ज्यांचं फेरिटिन भरपूर आहे, विशेषतः पुरुषांनी, उगाच गोळ्या खाऊ नयेत. जास्तीचं लोह शरीर बाहेर टाकू शकत नाही, ते यकृतात साचतं. शाकाहारी मंडळींनी त्याच वेळी बी-१२ ही तपासून घ्यावं. त्याच्याविना तांबड्या पेशी नीट बनत नाहीत.

यानंतर नंबर बीटाचा. बीट, पालक, मुळ्याचा पाला यांत नायट्रेट असतं. जिभेवरचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि शरीर त्यातून नायट्रिक ऑक्साइड बनवतं, ज्याने रक्तवाहिन्या सैल होतात. बीटाच्या रसाने तेच काम थोड्या कमी ऑक्सिजनमध्ये होतं, हे समुद्रसपाटीवरच्या प्रयोगांत दिसलं. तिबेटच्या पठारावर राहणाऱ्यांच्या रक्तात नायट्रिक ऑक्साइडपासून बनणारे घटक मैदानी लोकांपेक्षा दहापटींहून जास्त असतात, असं २००७ सालचा एक अभ्यास सांगतो. यावरून उंचीवर बीट जादू करेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात निकाल संमिश्र आहेत. हौशी लोकांना थोडा फायदा होतो, पक्क्या धावपटूंना फारसा नाही, आणि उंचीच्या आजारावर तर तो उपाय नव्हेच. बीट खावं, कोशिंबीर चांगली लागते. फक्त त्या दिवशी माउथवॉशने चूळ भरू नका, ते बिचारे जीवाणूच मरतात. आणि दुसऱ्या दिवशी लघवी गुलाबी झाली तर घाबरू नका.

जीवनसत्त्व सी आणि ई यांच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या मी बंद केल्या. २००९ साली जर्मन संशोधकांनी दाखवलं की अशा गोळ्या व्यायामाने शरीरात होणारे काही चांगले बदलच अडवतात. सी हवं तर आवळा आहे, आणि लेहमध्ये गेलात तर त्सेस्तालुलू, म्हणजे सीबकथॉर्नची नारिंगी आंबट फळं. तिथल्या संरक्षण संशोधन संस्थेने त्यांच्या रसावर बरंच काम केलं आहे.

चहा-कॉफी सोडून वर जाऊ नका. कॅफिनने दमश्वासाच्या खेळात मदतच होते, आणि रोज चार कप पिणाऱ्या पुणेकराने ‘पाणी कमी होईल’ या भीतीने चहा एकदम तोडला तर दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं. तिथे सगळे त्याला उंचीची डोकेदुखी समजून घाबरतात. खरं तर ती अमृततुल्यची आठवण असते.

राहिला कापूर. प्रत्येक मराठी ट्रेकरच्या रुमालात कापराची वडी बांधलेली असते, आणि ‘ऑक्सिजन वाढतो’ असं तो छातीठोक सांगतो. कापराच्या वासाने नाकातल्या गारव्याच्या संवेदना जाग्या होतात आणि श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. रक्तातला ऑक्सिजन एक टक्काही वाढत नाही. हुंगायला हरकत नाही, पण पोटात जाऊ देऊ नका, तो विषारी आहे. नेपाळमध्ये लसणीचं सूप पाजतात, ते गरम आणि खारट असतं म्हणून प्यावं. गिंको बिलोबाच्या गोळ्या खूप खपल्या, पण एव्हरेस्टच्या वाटेवरच्या शेकडो पदयात्रींवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्या बिनऔषधी गोळीपेक्षा काकणभरही सरस ठरल्या नाहीत. त्याच चाचणीत अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, कामी आलं. पण ते औषध आहे, सप्लिमेंट नव्हे, डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं. त्याची एक गंमत अशी की ते घेतल्यावर फसफसणाऱ्या पेयांची चव बिघडते, म्हणून लेहच्या बाजारात कोल्ड्रिंकवाल्याशी भांडू नका. आणि यातलं काहीही, लोह, बीट, सातू, चहा, पहिल्या दोन-तीन दिवसांच्या स्वस्थ मुक्कामाची जागा घेत नाही. डोकं दुखत असताना, उलट्या होत असताना वर चढायचं नाही, खाली यायचं.

शर्यत सप्टेंबरात असते. नाव नोंदवाल त्याच आठवड्यात, जूनच्या आत, एकदा फेरिटिन तपासून घ्या. फक्त हिमोग्लोबिन नको, कागदावर ‘फेरिटिन’ असं लिहून न्या. लाडू परत आल्यावर खा.